विषय: २८ इय्यारला मराठीत काय म्हणायचं?

सर्व सभासदांना शालोम आणि नमस्कार,

येरुशलाईम दिनाला, म्हणजे १९६७ मध्ये जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आलं त्या हिब्रू तिथीला, २८ इय्यारला, मंडळाची बस काढायची आहे. बीरशेवाहून सकाळी, वाटेत लोद. आधी गिवात हातहमोशेत, म्हणजे १९६७ मध्ये जिथे लढाई झाली ती दारूगोळ्याची टेकडी, मग जेवण, मग कोतेल, म्हणजे जुन्या मंदिराच्या आवाराची पश्चिम भिंत. झेंड्यांच्या मिरवणुकीत मंडळ म्हणून आपण जाणार नाही, हे कार्यकारिणीत ठरलं आहे. ज्यांना स्वतःहून जायचंय त्यांनी बसच्या वेळेला परत यावं, बस थांबणार नाही.

दुसरं. पत्रकावर मराठी नाव हवं. 'योम येरुशलाईम' नुसतं देवनागरीत लिहिलं की कोरडं वाटतं. सुचवा.

– सचिव

---

सचिवसाहेब, 'जेरुसलेम दिन' लिहा आणि मोकळे व्हा. वर्तमानपत्रात तसंच छापतात.

– हैफाकर

---

हैफाकर, वर्तमानपत्राला काय विचारता? आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी सणांना वर्तमानपत्रात बघून नावं दिली नाहीत. रोश हशाना तो नव्याचा सण. योम किप्पूर तो दारफाळणीचा, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. पुरीम तो होळीचा. आणि तिशा बेआव, ज्या दिवशी येरुशलाईमचं मंदिर पडलं म्हणून आपण उपास करतो, तो बिरड्याचा. त्या दिवसांत मांस नाही, म्हणून वालाचं बिरडं. दोन हजार वर्षांचं रडणं कोकणातल्या बाईने एका भाजीत बसवलं बघा.

दिव्यांच्या हनुक्का सणाला मात्र मराठी नाव नाही. का, तर त्याची खबरच आपल्याकडे फार उशिरा आली. २८ इय्यारचं तसंच आहे. तो १९६७ चा, सरकारने तो दिवस जाहीर केला १९६८ ला आणि कायदा झाला १९९८ ला. तेव्हा आपल्या आज्या इथल्या स्वयंपाकघरात हिब्रू शिकत होत्या. नाव कोण ठेवणार?

मी सुचवते: दार उघडणीचा सण. दारफाळणीला जोड.

– लोदची मावशी

---

मावशी, नाव झकास आहे. पण एक विचारू का? मी बेने इस्राएल नाही, साताऱ्याचा, इथे रेहोवोतला पोस्टडॉक करतो, तेव्हा बाहेरच्याचं बोलणं समजून माफ करा.

मी मागे एकदा त्या दिवशी जुन्या शहरात गेलो होतो. मिरवणूक शेकेमच्या (दमास्कस) दरवाजातून मुसलमान मोहल्ल्यात शिरते. त्याआधीच तिथली दुकानं बंद झालेली. एकेक शटर खाली ओढलेलं, वर माणसं गच्चीवरून बघतायत. मिरवणुकीतली बरीचशी पोरं नाचत होती. काही टोळकी अशा घोषणा देत होती की मला हिब्रू जेमतेम येतं त्याचं बरं वाटलं. शहरातली सुमारे चाळीस टक्के माणसं पॅलेस्टिनी. त्यांच्या लेखी तो दिवस दारफाळणीचाच की.

बाकी तिथी मजेशीर आहे. इथला महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो आणि इथेही अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात. त्यामुळे २८ इय्यार बहुधा आपल्या वैशाखाच्या शेवटी पडतो.

– रेहोवोतचा पोस्टडॉक

---

राजकारण नको. यादी कशासाठी आहे?

– हैफाकर

---

हैफाकर, राजकारण त्याने नाही आणलं, ते शहरातच आहे. १० मे २०२१ ला मिरवणुकीचा रस्ता ऐनवेळी बदलला आणि संध्याकाळी गाझाहून रॉकेट आली. मी अशदोदला जिन्याखाली बसले होते, तेव्हा मला नका सांगू.

आमच्या सिनॅगॉगमध्ये त्या दिवशी हलेल, म्हणजे स्तुतीची स्तोत्रं, म्हणतात. म्हणायचा की नाही, म्हटलाच तर आधी बराखा (आशीर्वचन) करून की न करता, यावर दरवर्षी भांडण. ओमेरचे, म्हणजे वल्हांडणानंतरचे दुखवट्याचे, दिवस असल्याने एरवी लग्नं, केस कापणं बंद असतं. २८ ला पुष्कळजण मोकळीक देतात. माझ्या भाचीचं लग्न त्याच दिवशी झालं. मंदिर पडल्याची आठवण म्हणून काच फोडली तेव्हा काहींनी हसून विचारलं, आता शहर मिळालं ना, मग काच कशाला फोडता? नवरदेव म्हणाला, पैसे भरलेत हॉलचे, फोडू द्या.

– अशदोदहून ताई

---

लेका साताऱ्याच्या, माफी कसली मागतोस. शटर मीही बघितलीत. आणि कोतेलपुढचं ते मोठं मैदानही पूर्वी मैदान नव्हतं. तिथे मघरेबी, म्हणजे मोरोक्कोकडच्या मुसलमान लोकांची वस्ती होती, भिंतीपुढे नुसती अरुंद बोळ. १९६७ च्या जूनमध्ये लढाई संपता संपता ती घरं पाडली. माणसांना निघायला फार वेळ नाही मिळाला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणजे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी सांगते तेव्हा काय झालं. आम्ही पनवेलहून आलो तेव्हा शहराचे दोन तुकडे होते. भिंत जॉर्डनच्या बाजूला, आम्हाला बंदी. बाबा दर सणाला आम्हाला घेऊन सियोनच्या डोंगरावर जायचे आणि लांबून दाखवायचे, ते बघा तिकडे. काही दिसायचं नाही. घरांची छपरं दिसायची. आम्ही हो म्हणायचो.

आपल्या लोकांची त्या शहराशी तेव्हा वेगळीच ओळख होती. तुम्ही लग्नाला पुरेसे यहुदी आहात का, असं आपल्याला विचारलं जात होतं, आईच्या आईपर्यंत चौकशी. १९६४ ला आपली माणसं येरुशलाईमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे क्नेसेटने, इथल्या संसदेने, ठराव केला की हे सगळ्या अर्थाने यहुदी. म्हणजे त्या शहराचं आपल्यासाठी पहिलं दार सैनिकांनी नाही उघडलं, सतरंजी टाकून बसलेल्यांनी उघडलं.

मग २८ इय्यार, ७ जून. रेडिओवर शोफारचं शिंग ऐकलं. सामान्य माणसाला भिंतीपाशी जायला मिळालं ते आठवड्याने, शावुओत सणाला. दोन लाख माणसं. सियोनवरून खाली उतरून कचरा दरवाजाने आत. बाबांनी भिंत जवळ आली तशा चपला काढल्या. लोक म्हणाले, अहो, इथे काढत नाहीत. बाबा म्हणाले, आमच्याकडे काढतात. बाजूला नीट जोडून ठेवल्या. दोन लाखांत!

परत आलो तो चपला कुठल्या राहतायत. बाबा अनवाणी लोदला आले, जूनच्या उन्हात. आईने तळव्यांना खोबरेल लावलं आणि रात्रभर बडबडली. दुसऱ्या दिवशी नवस होता म्हणून मालिदा केला, एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावाने. पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. तेव्हापासून आमच्या घरी दर वर्षी २८ इय्यारला मालिदा होतो.

दार उघडणीचा हे नाव मी मागे घेते. पोराचं बरोबर आहे, ते एका बाजूनेच उघडं आहे.

– लोदची मावशी

---

मावशी, मग तुमच्या घरी त्या दिवसाला काय म्हणतात?

– रेहोवोतचा पोस्टडॉक

---

चपलांचा सण.

– मावशी

---

हे पत्रकावर छापायचं?

– हैफाकर

---

छापतोय. खाली कंसात योम येरुशलाईम लिहितो, नाहीतर नव्या पिढीला पादत्राणांचा सेल वाटेल. बसला एक्केचाळीस नावं आली आहेत, नऊ जागा उरल्या. मालिद्याला पोहे तीन किलो पुरतील का, मावशी? खवलेला नारळ अशदोदहून ताई आणणार आहेत. परातीची सोय कुणाकडे आहे त्याने मला एकट्याला मेल करावी, सगळ्या यादीला नको.

– सचिव

---

तीन नाही, चार घ्या. हैफाकर दोनदा वाढून घेतात.

– मावशी