चालकांनी गाडी जपून चालवावी यासाठी दंडापलीकडे मालकाने काय करावे?

प्रश्न: वाहनमालक, साखळी (गोवा)

आमचे काही लहान मालवाहू टेम्पो रोज रात्री बेळगावहून भाजी आणि दूध भरून चोर्ला घाटातून उतरतात आणि म्हापसा, पणजी व कळंगुट-कांदोळी पट्ट्यातील हॉटेलांना माल पोहोचवतात. मागील वर्षी सर्व गाड्यांना जीपीएस बसवून वेगमर्यादा ओलांडणाऱ्याच्या पगारातून दंड कापायला सुरुवात केली, शिवाय सर्वांत कमी डिझेल वापरणाऱ्या चालकाला दरमहा बक्षीस ठेवले. वेगाच्या नोंदी कमी झाल्या, हे खरे. परंतु आता गाडीला कुठे घासले तरी कुणी आपणहून सांगत नाही, उतारावर न्यूट्रल मारण्याची, म्हणजे गिअर काढून गाडी नुसती घरंगळू देण्याची सवय वाढली आहे, आणि दोन जाणती माणसे नोकरी सोडून गेली. ही माणसे सुखरूप घरी पोहोचावीत एवढीच माझी इच्छा आहे. मनापासून जपून चालवण्याची सवय त्यांना कशी लागेल, हे या व्यवसायातील मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: चालक, बेळगाव–पणजी मार्ग

मालक, आपण विचारलेत याचे बरे वाटले, म्हणून स्पष्ट लिहितो. आमचा वेग बहुधा गाडी भरतानाच ठरून जातो. रात्री अकराला भरून मिळायची गाडी दीड-दोनला मिळते, हमाल दुसऱ्या गाडीवर गेलेले असतात, व्यापारी ‘पाच मिनिटांत सोडतो’ म्हणत राहतो, आणि म्हापशाला पोहोचण्याची वेळ मात्र तीच राहते. वाया गेलेला वेळ मग चोर्ल्याच्या वळणांवर भरून काढावा लागतो, आणि पावसाळ्यात तिथे असे धुके उतरते की पुढच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसतो. उशीर व्यापाऱ्याने करायचा आणि बोलणी चालकाने खायची, ही रीत चालू असेपर्यंत दंडाने फरक पडणार नाही.

यावर एक साधा उपाय आहे. मालाच्या चिठ्ठीवर गाडी भरून सुटल्याची वेळ व्यापाऱ्याच्या हाताने व त्याच्या सहीने लिहून घ्या आणि पोहोचण्याची वेळ तिथून पुढे मोजा. मी सध्या ज्यांच्याकडे आहे तिथे ही पद्धत सुरू झाल्यापासून घाटात कुणी घाई करत नाही, आणि चिठ्ठीवर सही करावी लागते म्हणून व्यापारीही गाडी लवकर सोडतो.

उत्तर २: गॅरेज, डिचोली

डिझेल बचतीचे बक्षीस आधी बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण न्यूट्रलची सवय त्या बक्षिसातूनच वाढते. शिवाय त्यात बचतही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) तापून करपल्याचा वास येतो आणि पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो. ते तापले की उकळते, आत वाफ धरते आणि पेडल थेट खाली जाते. इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडते.

हे चालकांना व्याख्यानात सांगू नका. गाडी गॅरेजमध्ये आली की चाक उतरवून निळसर काळा पडलेला ब्रेकचा ड्रम त्यांच्या हातात द्या. ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा, हा जुना नियम त्यानंतर पुन्हा सांगावा लागत नाही. बक्षीस द्यायचेच असेल तर ज्याच्या गाडीचे लायनर अधिक काळ टिकतात त्याला द्या.

उत्तर ३: वाहतूक पर्यवेक्षक, वेर्णा

वरील दोन्ही मते मला पटतात. बक्षिसाबाबत मात्र एक सावधगिरी सुचवतो: ‘महिनाभर अपघात नाही’ यासाठी कधीही पैसे देऊ नयेत. त्यामुळे अपघात कमी न होता त्यांची माहितीच कमी होते, आणि आपल्याकडील लपवालपवीचे मूळ असल्याच व्यवहारात आहे. गुरे आडवी आली, टायर घसरला, डुलकी लागता लागता वाचलो, असे जो सांगेल त्याचा एक पैसाही कापला जाणार नाही, असा शब्द द्या आणि तो पाळा.

जीपीएसच्या नोंदी मी सर्वांसमोर वाचत नाही. आठवड्यातून एकदा चालकाला एकट्याला बसवून एकाच जागेबद्दल विचारतो: इथे ब्रेक जोरात का लागला? बऱ्याचदा उत्तर रस्त्यात किंवा वेळापत्रकात सापडते. वेगाचा हिशेबही मी कागदावर मांडून दाखवतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, आणि ४० वरून ६० वर गेले की ब्रेकने जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते.

झोपेचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागते, आणि आपल्या गाड्या नेमक्या तेव्हाच घाटात असतात. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. गाडी भरेपर्यंत ताटकळण्याचा वेळही मालकाने कामातच धरावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता: वाहनमालक, साखळी

सर्वांचा आभारी आहे. डिझेलचे बक्षीस या महिन्यापासून बंद करून ती रक्कम सर्वांच्या पगारात घालतो, आणि दंडाचा नियम मागे घेतो. सहीच्या चिठ्ठीसाठी व्यापाऱ्यांशी उद्याच बोलतो. अडचण हॉटेलांची आहे. नाश्त्यासाठी त्यांना दूध सकाळी सहापूर्वी हवे असते आणि तिथे उशीर चालत नाही.

उत्तर ४: चालक, बेळगाव–पणजी मार्ग

मालक, घाई दुधाची असते, भाजीची नसते. दोन्ही एकाच गाडीत भरल्यामुळे भाजीलाही दुधाची वेळ पाळावी लागते. दुधाची गाडी संध्याकाळी वेगळी सोडून रात्री म्हापशात शीतगृहात ठेवता आली, तर भाजी सकाळी नऊपर्यंत पोहोचली तरी बहुतेक हॉटेलांचे अडत नाही. मग भाजीचा चालक घाटाआधी गाडी बाजूला लावून तासभर झोपू शकतो. मात्र तसे झोपायला हरकत नाही, हे आपण स्वतः त्याला सांगितले पाहिजे. नाहीतर गाडी थांबलेली जीपीएसवर दिसेल, या धास्तीने तो थांबणारच नाही.