नवीन गाडी घेताना डोकं उठलंय, काय करू?

प्रश्न:
दोन महिने झाले शोरूमच्या चकरा मारतोय, फोनवर एक आकडा सांगतात आणि तिथं गेलं की कोटेशनमध्ये अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी सगळं आधीच घुसवलेलं, आणि किंमत विचारली की उलट मलाच विचारतात हप्ता किती झेपेल. टेस्ट ड्राइव्ह पण टॉप मॉडेलची, मला हवंय ते व्हेरियंट बघायलाच मिळत नाही. जाम वैतागलोय.

प्रतिसाद १:
हप्त्याचं बोलणं शेवटी ठेवा. ५ वर्षांचं कर्ज ७ वर्षांचं केलं की हप्ता कमी दिसतो पण एकूण व्याज जास्तच जातं. आधी सगळं धरून फायनल आकडा लेखी घ्या, एकेक ओळ वाचा, नको ते खोडायला लावा.

प्रतिसाद २:
डिलिव्हरीआधी टायर बघाच!! बाजूला कोडच्या शेवटी ४ आकडे असतात, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२वा आठवडा. माझ्या गाडीचे वर्षभर जुने निघाले, गाडी यार्डात धूळ खात पडलेली असणार, मी अडूनच बसलो तेव्हा दुसरी दिली.

प्रश्नकर्ता:
टायरचं माहीतच नव्हतं, थँक्स. उद्या जातोय, आधी लेखी आकडाच मागतो.