चष्म्यातल्या कॅमेऱ्यात नेम नाही, हात पाहा
भाऊ, मुलीची एअर पिस्तूल नेमबाजी तिच्याच नजरेतून दिसावी म्हणून कॅमेऱ्याचा गॉगल घ्यावा का, असं तुम्ही विचारलं. घ्या, पण नेम कुठं लागला ते त्यात शोधू नका. लेन्स रुंद कोनाची असते. 10 मीटरवरचा कागद ठिपक्याएवढा दिसतो, अन् त्यावरचं दहा गुणांचं मधलं वर्तुळ तर फक्त 11.5 मिलिमीटरचं. शिवाय कॅमेरा बुबुळासमोर नसतो, बाजूला असतो. म्हणून पिस्तुलावरची नेम धरायची पुढची-मागची साइट तिला एका रेषेत दिसली तरी व्हिडिओत सरकलेलीच दिसणार.

हात मात्र छान दिसतो. आमच्या गावी, यवतमाळकडं, जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये पोरं सराव करतात. माझ्या पोराचा व्हिडिओ हळू करून पाहिला, तर छर्रा सुटायच्या आधीच मनगट खाली झुकत होतं. प्रशिक्षक महिनाभर तेच सांगत होते, त्याला पटत नव्हतं. स्वतः पाहिलं अन् त्याच संध्याकाळी रिकामं पिस्तूल घेऊन कोऱ्या भिंतीसमोर उभा राहिला.

शेडमध्ये गॉगलला काळी काच नको, पारदर्शक बसवून घ्या. मे महिन्यात घामानं चष्मा नाकावरून घसरतो, तेव्हा मागून दोरी बांधा. अन् प्रशिक्षकाला विचारूनच कॅमेरा चालू करा, बाजूच्या लेनवरची लेकरंही त्यात येतात.