मदत हवी आहे: हॅम्बर्गर स्टेकची ग्रेव्ही खारट, फेसाळ आणि गुठळ्यांची होते

बावखल

नमस्कार. मी मूळची वसईची असून गेली चार वर्षे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरात राहते. आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. इथल्या रीतीप्रमाणे सगळा मोहल्ला त्यांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतो, मी मात्र मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून त्यांना चुलीपुढे फार वेळ उभे राहता येत नाही. काय खावेसे वाटते असे मी विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता हॅम्बर्गर स्टेक, भात आणि ग्रेव्ही एवढेच सांगितले.

हा पदार्थ ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बीफच्या खिम्याच्या जाड, चपट्या टिक्क्या बिडाच्या तव्यावर खरपूस भाजतात, त्याच तव्यात कांदा परततात, उरलेल्या चरबीत मैदा भाजून ब्राऊन ग्रेव्ही करतात आणि टिक्क्या पुन्हा तिच्यात सोडून मंद आचेवर शिजवतात. मसाला म्हणून फक्त मीठ आणि काळी मिरी. अमेरिकेच्या बाकीच्या दक्षिण भागात हे बहुतेक ठिकाणी कुस्करलेल्या बटाट्याबरोबर वाढतात, पण सव्हाना हा किनाऱ्यावरचा भाताचा मुलूख आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या श्रमावर आणि भातशेतीच्या ज्ञानावर या किनाऱ्यावरची खाचरे उभी राहिली, आणि भात इथल्या ताटातून आजही गेलेला नाही. आजींना भातच हवा असतो, याचे मला पहिल्या दिवसापासून विशेष अप्रूप वाटले.

आता अडचण सांगते. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा बिघडले. आजींच्या प्रकृतीचा विचार करून मी सात टक्के चरबीचा खिमा आणला, त्यात मीठ, मिरी, अंडे आणि पावाचा चुरा घातला आणि घरी कबाबांसाठी मळतो तसा दहा मिनिटे चांगला मळून घेतला. टिक्क्या मधोमध फुगल्या, कडेने आक्रसल्या आणि चावताना रबरासारख्या लागल्या. नंतर तव्यात दोन कांदे पाच मिनिटे परतले, आजींच्या फडताळातल्या डब्यातले चार मोठे चमचे पीठ त्यांवर भुरभुरवले आणि स्टॉकच्या (मांसाच्या अर्काच्या) वड्या विरघळवलेले दोन कप गरम पाणी एकदम ओतले. त्याबरोबर फेस आला, गुठळ्या झाल्या, आणि चव इतकी खारट व किंचित सोड्यासारखी आली की मला ती सुधारता आली नाही. तिसऱ्या वेळी मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरले. गुठळ्या झाल्या नाहीत, परंतु ग्रेव्ही पारदर्शक, चकचकीत आणि बुळबुळीत झाली. आजी सौजन्याने छान झाले आहे असे म्हणाल्या, पण अर्धा भात ताटात तसाच राहिला.

माझी कळकळीची विनंती आहे की कृपया याला आपल्याकडचे वळण देणारे उपाय सुचवू नयेत. आमच्या घरचा बॉटल मसाला माझ्याजवळ आहे आणि तो खिम्यात फार चांगला लागतो हे मला ठाऊक आहे, पण आजींना माझी चव नको आहे, त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातली हवी आहे. शिवाय डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितले आहे, त्यामुळे तो खारटपणा मला अधिकच बोचतो.

नॉक्सव्हिलकर

सर्वांत आधी तो पिठाचा डबा तपासा. माझी जवळजवळ खात्री आहे की त्यात सेल्फ-रायझिंग मैदा आहे. दक्षिणेतल्या जुन्या घरांत बिस्किटांसाठी, म्हणजे इथल्या मऊ, फुगलेल्या छोट्या पावांसाठी, हेच पीठ हाताशी ठेवतात. आमच्या टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावी १८८३ साली सुरू झालेला व्हाइट लिली हा मैदा त्यासाठीच नावाजलेला आहे. ती इथली गिरणी २००८ साली बंद झाली, पण नाव अजून चालते. तो मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा असतो आणि साधा व सेल्फ-रायझिंग अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. सेल्फ-रायझिंगमध्ये कपाला साधारण दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि वर मीठ आधीच मिसळलेले असते. ओलावा आणि उष्णता मिळाली की बेकिंग पावडरमधून वायू सुटतो, म्हणून तुमच्या तव्यात फेस आला, आणि सोड्याची चवही तिथूनच आली. मिठाच्या बाबतीत तर वड्यांचे मीठ, पिठातले मीठ आणि तुम्ही घातलेले मीठ असे ते तिप्पट झाले. ग्रेव्हीसाठी साधा मैदा वेगळा आणा आणि स्टॉक बिनमिठाचा घ्या.

गुठळ्यांचे कारण तुम्हाला पिठल्यावरून लगेच कळेल. कोरडे पीठ गरम पाण्यात पडले की प्रत्येक गोळीचे बाहेरचे पिष्ट तत्काळ फुगून चिकट होते आणि आतले पीठ कोरडेच कोंडले जाते. पीठ आधी चरबीत परतले म्हणजे कण सुटे राहतात. तुमच्या तव्यात चरबीच नव्हती, कारण खिमा फार कोरडा होता, आणि जे पीठ पडले ते ओल्या कांद्यावर पडले. वीस टक्के चरबीचा खिमा घ्या. दीड पौंड खिमा भाजल्यावर तव्यात तीन मोठे चमचे चरबी सहज सुटते, त्याहून जास्त असेल ती काढून टाका आणि कमी पडली तर बिनमिठाचे लोणी घाला. तीन चमचे चरबीला तीन चमचे मैदा आणि दोन कप स्टॉक हे प्रमाण मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे.

कांदा आधी परतून बाजूला काढून घ्या, मग चरबीत मैदा घाला आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे सतत हलवत राहा. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास यायला हवा. पीठ जितके गडद भाजाल तितकी त्याची दाटपणा देण्याची शक्ती कमी होते, म्हणून गडद रंग हवा असेल तर अर्धा चमचा पीठ वाढवा. स्टॉक कोमट असावा आणि पहिला अर्धा कप अगदी थोडा थोडा घालावा. तो पूर्ण मिसळून लापशीसारखा झाल्याशिवाय पुढचा घालू नये. त्याच वेळी तव्याच्या तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवत राहावी. सगळी चव त्या खरवडीत असते, आणि ती न चिकटणाऱ्या तव्यात धरत नाही. आजींकडे बिडाचा तवा असेल तर तोच मागून घ्या.

खिमा_आणि_विज्ञान

मी पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून टिक्क्यांबद्दल लिहिते. मीठ घालून मांस मळले की त्यातले मायोसिन नावाचे प्रथिन विरघळून बाहेर येते आणि शिजताना जाळ्यासारखे घट्ट बसते. शीग कबाब सळईवरून गळून पडत नाही तो यामुळेच, आणि तिथे आपल्याला तो घट्टपणा हवाच असतो. इथे नको आहे. खिमा थंडच ठेवा, हातात जेमतेम गोळा होईल इतकाच दाबा, सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची टिक्की करा आणि मधोमध अंगठ्याने खळगा पाडा, म्हणजे ती फुगणार नाही. मीठ आत मिसळू नका, तव्यात सोडण्याच्या क्षणी फक्त वरून लावा. यामुळे एकूण मीठही कमी लागते.

अंडे आणि पावाचा चुरा घातला की तो पदार्थ हॅम्बर्गर स्टेक राहत नाही, सॉल्सबरी स्टेककडे झुकतो. हे नाव डॉ. जेम्स सॉल्सबरी (१८२३–१९०५) या अमेरिकन वैद्यावरून पडले आहे. रुग्णांनी बीफचा खिमा भाजून दिवसातून अनेकदा खावा असे त्यांचे मत होते. आज तिथल्या कृषी खात्याच्या नियमानुसार त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान ६५ टक्के मांस असावे लागते, बाकी भर चालते. आजींनी हॅम्बर्गर स्टेक मागितला आहे, तेव्हा त्यात केवळ मांस असावे.

तुम्ही वृद्ध आणि नुकत्याच आजारातून उठलेल्या व्यक्तीसाठी शिजवत आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, परंतु दळताना ते सगळ्या खिम्यात मिसळतात. त्यामुळे टिक्कीच्या मध्यभागाचे तापमान ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे १६० अंश फॅरेनहाइट, झालेच पाहिजे, आणि ते रंगावरून ओळखता येत नाही. साधा सुईचा तापमापक वापरा. आधी कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजून पुढचे शिजवणे ग्रेव्हीत दहा-बारा मिनिटे मंद आचेवर केले, तर हे तापमान गाठूनही टिक्की कोरडी पडणार नाही. वीस टक्के चरबीमुळेही तेच साधते.

कॉर्नफ्लोअरचे पिष्ट शिजल्यावर पारदर्शक होते, गव्हाचे धूसर राहते. आजींच्या आठवणीतली ग्रेव्ही धूसरच असणार.

नॉक्सव्हिलकर

कांद्याविषयी लिहायचे राहिले. तुम्ही जॉर्जियातच आहात, तेव्हा विडालिया कांदा वापरा. राज्याने १९८६ साली कायदा करून हे नाव जॉर्जियातल्या ठरावीक वीस काउंट्यांपुरते राखून ठेवले आहे. तिथल्या जमिनीत गंधक फार कमी असल्यामुळे तो तिखट न होता गोड होतो. मात्र त्यात पाणी भरपूर असते, त्यामुळे पाच मिनिटांत तो केवळ वाफवला जातो. उभा चिरून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे द्या. वूस्टरशर सॉस एक छोटा चमचा पुरे, त्यातही मीठ असते आणि खारवलेली अँकोव्ही मासळी असते.

बावखल

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. डबा तपासला. तो सेल्फ-रायझिंगच होता. आजींना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ग्रेव्हीचे पीठ त्या नेहमी वरच्या फळीवरच्या लहान डब्यात ठेवत, आणि शस्त्रक्रियेनंतर तो डबा कोणी पुन्हा भरलाच नव्हता.

रविवारी त्यांच्याच घरी, त्यांच्या आईच्या बिडाच्या तव्यात स्वयंपाक केला. त्यांना खुर्ची तव्याजवळ दिली. मैदा परतताना मी दोनदा स्टॉकचा कप उचलला आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून थांबवले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रंगापेक्षा वासाकडे लक्ष द्यायचे असते, आणि तो वास आला तेव्हा त्यांनी केवळ मान हलवली. तापमापकावर आकडा १६४ फॅरेनहाइट आला आणि टिक्की काट्याने तुटत होती. मीठ मी चिमूटभर घातले होते, तरी खरवडीमुळे ते कमी वाटले नाही.

त्यांनी भात संपवला, नंतर आणखी अर्धा पळी भात मागितला आणि त्यावर फक्त ग्रेव्ही घेतली. एक सुधारणा मात्र त्यांनी सुचवली आहे: कांदा मी फार बारीक चिरला होता, तो बोटभर रुंदीचा ठेवावा, म्हणजे ग्रेव्हीत विरघळून जात नाही.

आता एक शेवटचा प्रश्न. उरलेली ग्रेव्ही फ्रिजमध्ये थिजून घट्ट झाली आहे. उद्या दुपारी ती गरम करताना पाणी घालावे की स्टॉक?

नॉक्सव्हिलकर

दोन-तीन चमचे पाणी घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. रात्रभर मुरल्याने चव आधीच एकवटलेली असते, स्टॉकने पुन्हा मीठ वाढेल. रटरटून उकळी आली म्हणजे वाढा.