गलेट म्हणजे अन्ननलिका, मग करवतीची अन्ननलिका कुठली?

करवतकाठी: सावंतवाडीजवळच्या एका वखारीसाठी बँडसॉची (पट्टीच्या यांत्रिक करवतीची) इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय. ‘गलेट साफ ठेवा’ असं त्यात चार ठिकाणी आलंय. शब्दकोशात गलेट म्हणजे अन्ननलिका. पहिल्या खर्ड्यात डोळे झाकून ‘अन्ननलिका स्वच्छ ठेवा’ लिहिलं, तर वखारवाल्या काकांचा फोन: “ताई, कुणाची? माझी की पोरांची?” मग चित्र बघितलं. करवतीच्या दोन दातांमधली गोलसर खाच म्हणजे गलेट. कापताना निघालेला भुसा त्या खाचेत बसून लाकडाबाहेर पडतो. खाच राळेनं चोंदली की भुसा आतच घासतो, पातं तापतं, काप वाकडा जातो. हिला मराठीत ‘घसा’ म्हटलं तर चालेल?

खाडीपलीकडे: घसा कशाला? गळा म्हणा. तांब्याला गळा, सदऱ्याला गळा. वस्तूंना गळाच असतो. घसा जित्याजागत्या माणसाला, तोही बसायला आणि खवखवायला.

करवतकाठी: पण तांब्याचा गळा बाहेरून दिसतो. ही खाच भुसा गिळते.

खाडीपलीकडे: गिळते तर नरडं म्हणा!

घाटमाथा: छापील पुस्तिकेत नरडं? नरडीचा घोट घेतात आणि नरड्यावर पाय देतात. त्या शब्दाला भांडणाशिवाय कोणी हात लावत नाही.

खाडीपलीकडे: आमच्याकडे लावतात. कोंबडी कापताना काय कंठ म्हणायचं?

दवाखाना: कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून थोडं. मानेचा पुढचा, बाहेरचा भाग गळा आणि आतला तो घसा, ही आपली वाटणी. इंग्रजीत थ्रोट दोन्हीकडे चालतो. गलेट मात्र घसा संपतो तिथून सुरू होऊन जठरापर्यंत जातो, मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर. त्यामुळे गलेटला घसा म्हणणं चूकच. पेडव्याचा, म्हणजे त्या छोट्या माशाचा, काटा घेऊन येणारे पेशंट बोट ठेवतात पार खाली, आणि काटा निघतो टॉन्सिलपाशी नाहीतर जिभेच्या बुडाशी.

तिखलं: आमच्याकडे काटो घशात नाय, गळ्यात अडाकता. आजी सुक्या भाताचो गोळो न चावता गिळाक लावी. काटो गेलोच.

दवाखाना: तो गोळा कृपा करून गिळू नका. काटा आणखी रुततो, मग काढताना आमचा घाम निघतो.

तिखलं: आजी ९१ वर्षां जगली. पेडवे खाऊन.

मूळशोध: मुद्द्यावर येऊ. गलेट हा आपल्या संस्कृत ‘गल’पासूनच गेलेला आहे. ऐकताच कळतं.

घाटमाथा: ऐकून कळतं म्हणणाऱ्यांनीच व्युत्पत्तीचं वाटोळं केलं. गलेट आला जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘गुला’वरून. गुला आणि गल एका खापर-खापर पणज्याचे असतील, पण म्हणून गलेट आपली लेक होत नाही. थ्रोटचं तर घराणंच वेगळं, जर्मन बाजूचं. उलट गंमत बघा, फ्रेंचमध्ये गॉर्ज म्हणजे घसा. इंग्रजीत गेला आणि त्याची दरी झाली!

खाडीपलीकडे: मग आंबोलीला दरीत वाकून बघणारे घशातच बघतात म्हणायचे. आणि बोटीच्या इंजिनाचा थ्रॉटल?

घाटमाथा: तोही थ्रोटमधलाच. मूळ अर्थ गळा आवळणे. इंजिनाकडे जाणारी वाट आवळायची नि सोडायची.

खाडीपलीकडे: म्हणजे आमचा तांडेल रोज पहाटे गळा आवळून समुद्रात जातो. हे त्याला सांगणार नाही.

मूळशोध: सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. भाषाशुद्धीचं काम त्यांनी तिथूनच केलं. त्याच मातीत बसून आपण इंग्रजी घशांत शिरलोय! करवत हा शब्दच मुळी ‘करपत्र’वरून आला. तेव्हा खाचेला ‘दंतविवर’ म्हणावं. नेमका आणि देखणा.

दवाखाना: दंतविवर म्हटलं की लोक शेजारच्या दवाखान्यात जातील, दाढ भरून घ्यायला.

घाटमाथा: आणि सावरकरांचे दिनांक, महापौर हे शब्द रुजले कारण ते तोंडात बसले. दंतविवर तोंडातला असूनही बसणार नाही.

करवतकाठी: आज वखारीत जाऊन आले. मिस्त्री पातं मांडीवर घेऊन एकेका खाचेतली राळ नखानं खरवडत होते. विचारलं, “ह्याका काय म्हणतास?” त्यांनी नख पुढच्या खाचेत घातलं. “ह्याका? ‘हय साफ कर’ म्हणतंव.” मी तूर्तास ‘दातांमधली खाच’ लिहिलंय. पुस्तिका उद्या छापायला जाते. घसा पूर्ण काढू, की एकदा कंसात ठेवू?

तिखलं: डॉक्टरानु, भात नको तर केळां चालात काय?