गिटार हातात घेतली की गुंड समाजसेवक होतो का? (चर्चा)

जर्सीकर वैदेही: परवा इथे या मथळ्याचा लेख आला. उत्तर द्यायचं नव्हतं, पण झोपच लागेना. लेखकाने न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्रॉन्क्सच्या घेट्टो ब्रदर्सना, म्हणजे पोर्तो रिकन पोरांच्या गाणीही वाजवणाऱ्या टोळीला, "बाहेरून आलेली टोळकी" म्हटलंय. अहो, पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत, व्हिसाच्या रांगेत आपण उभे राहतो, ते नाही. टोळी होती, कोण नाही म्हणतंय? पण घरमालक विम्यासाठी स्वतःच्याच बिल्डिंगा जाळत होते आणि क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेने अख्खे मोहल्ले चिरले होते, तिथे याच पोरांनी कचऱ्याचे प्लॉट साफ केले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचा ब्लॅक बेंजी भांडण सोडवायला गेला आणि त्यालाच मारून टाकलं. सगळ्यांना वाटलं आता मुडदे पडणार. त्याची आई म्हणाली, बदला नको. सहा दिवसांत, ८ डिसेंबरला, हो (Hoe) अव्हेन्यूच्या बॉइज क्लबमध्ये टोळ्यांना समोरासमोर बसवलं. तुमच्या पेठेत मिरवणुकीत कोण पुढे यावर दोन मंडळांचा समेट करून दाखवा, मग बोला.

शंतनू पी: ताई, लेख माझाच आहे. बदला घेतला नाही हे मोठंच झालं, हार घालू? पण कचरा साफ करणं, हॉस्पिटल ताब्यात घेणं या सगळ्याचं श्रेय यांना देऊन लोक मोकळे होतात.

जर्सीकर वैदेही: हॉस्पिटल मी कुठे म्हटलं? ते यंग लॉर्ड्स, पोर्तो रिकन पोरांचीच दुसरी संघटना, लिंकन हॉस्पिटल, जुलै १९७०. आणि १९६९ च्या उन्हाळ्यात ईस्ट हार्लेममध्ये पालिका कचरा उचलत नाही म्हणून तो रस्त्यात आणून पेटवणारेही तेच. लेख लिहिण्याआधी दोघांत फरक तरी बघायचा.

शंतनू पी: बरं, चुकलं. नागरिकत्वाचंही. खूश? मुद्दा संगीताचा आहे. घेट्टो ब्रदर्सच्या मेलेंडेझ भावांची १९७२ ची ती एक एलपी रेकॉर्ड मी ऐकलीय, एका दिवसात उरकलेली, बीटल्सच्या वळणाची. गोड आहे. पण "यांच्यामुळे हिपहॉप जन्मलं" असं लोक म्हणतात, ते कुठून आणलं? हिपहॉप ज्याच्यापासून धरतात तो डीजे कूल हर्क जमैकाचा आणि त्याची ती पहिली पार्टी ऑगस्ट १९७३ ची.

भीमनगर: चाल कोणाची हा प्रश्नच नाही. आधी एका गल्लीतला पोरगा दुसऱ्या गल्लीत गेला तर जिवंत परत येईल याची खात्री नव्हती. टोळ्यांच्या त्या तहानंतर घेट्टो ब्रदर्स रस्त्यावर वाजवायचे आणि दुसऱ्या टोळ्यांची पोरं ऐकायला यायची. पोरं यायलाच लागली नसती तर हर्कने कोणासाठी वाजवलं असतं? आणि १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर झाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडे बघूनच. तेव्हाही हेच ऐकलं, मवाली कविता करतात.

लाइनमन काका: रस्त्यावर वाजवायचे म्हणजे करंट कुठून घ्यायचे?

भीमनगर: दिव्याच्या खांबावरून, काका. अ‍ॅम्प्लिफायर थेट खांबाला.

लाइनमन काका: म्हणजे आकडाच की! ३१ वर्षं लाइनवर काढली. दरवर्षी मांडव पडला की खांबावर वायर लटकलेली, आकडा काढायला गेलं की "साहेब, देवाचं काम आहे". एकदा पावसात शिडीवर होतो, उघडा जॉइंट हाताला लागला, चिखलात आपटलो. खाली आरती चालू होती, एकानेही मेन बंद केला नाही. अजून हे बोट वळत नाही. समाजसेवा करा, आधी मीटर घ्या.

शंतनू पी: काका माझ्या बाजूने आहेत, नोंद घ्यावी.

लाइनमन काका: मी कोणाच्या बाजूने नाही, मी मीटरच्या बाजूने आहे.

मंडळ कार्यकर्ता: काका, तात्पुरतं कनेक्शन मागायला आम्ही चार दिवस खेटे घातले. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत. पाचव्या दिवशी म्हणे फॉर्मच जुना आहे. मग माणूस आकडा टाकणार नाही तर काय करणार? पैसे भरायला तयार होतो हो आम्ही!

लाइनमन काका: फॉर्म तुम्ही आदल्या दिवशी आणता ते सांगा की.

मंडळ कार्यकर्ता: चार दिवस म्हटलं ना!! वाचता येतं का? आणि बोटाचं वाईट वाटलं, पण ते आमचं मंडळ नव्हतं.

जर्सीकर वैदेही: ब्लॅक बेंजीच्या जिवावर सुरू झालेली चर्चा मीटरवर आणलीत, धन्य आहात.

भीमनगर: ताई, मीटर मिळणाऱ्या वस्तीत आणि न मिळणाऱ्या वस्तीत केवढा फरक असतो ते आमच्या आईला विचारा. आम्ही दहावीपर्यंत त्याच खांबाखाली बसून अभ्यास केला. काकांनी आमचा आकडा दोनदा काढला असेल.

लाइनमन काका: कुठलं भीमनगर? ओढ्याजवळचं?

भीमनगर: तेच.

लाइनमन काका: तिसऱ्यांदा आलो होतो. तुझी आई दारात उभी होती, तसाच परत गेलो. हे कुठे लिहू नकोस.

शंतनू पी: काका, लिहिलंत तुम्हीच.