वीरगळावरच्या लेखाचा ठसा नीट उठत नाही

जतकर: जत तालुक्यातल्या एका वीरगळावर (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेवर) खालच्या दोन चौकटींमधल्या पट्टीत तीन ओळी आहेत. लिपी कन्नड वाटते. एम.ए.च्या प्रबंधासाठी ठसा, म्हणजे कागदावर शाईनं अक्षरांची छाप, हवाय. पहिल्यांदा शाई आरपार गेली, दुसऱ्यांदा कागद वाळून सुटला. कडेला शेंदूर-तेलाचा थर आहे, तो खरवडू का?

कृष्णाकाठ: अजिबात नको. शेंदराची खपली दगडाचा पापुद्रा घेऊन निघते, आणि गावाला न विचारता देवाला हात लावला तर पुढचं कामच बंद. कागद सुटला तो बहुधा तेलामुळेच. तेलकट दगडावर पाणी धरत नाही. जिथं तेल नाही तेवढाच भाग साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. तारेचा ब्रश, साबण, ॲसिड काही नको.

लांब धाग्याचा हातकागद भिजवून लावा, मधून कडेकडे ब्रशनं ठोकत हवा काढा. कागद प्रत्येक खाचेत बसला पाहिजे. मग थांबा. पाण्याची चमक गेली, हाताच्या पालथ्या बाजूला गार लागतो पण ओल येत नाही, तेव्हाच शाई. कापडाच्या बोळ्यावर शाई घेऊन आधी रद्दीवर टिपा, मग हलके टिचके द्या, घासू नका. तुमची शाई आरपार गेली, म्हणजे घाई झाली. दगडाला डाग पडला की तो जात नाही. दगड संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल तर आधी पुरातत्त्व विभागाची परवानगी.

माणदेशी: ठशाआधी फोटो. दगडावर घोंगडी धरून अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ दगडाला टेकवून तिरपा प्रकाश टाका: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. कॅमेरा हलू द्यायचा नाही, शेजारी मोजपट्टी. आपल्या काळ्या पाषाणात बुडबुड्यांची भोकं असतात, ती ठशात हुबेहूब अनुस्वारासारखी उमटतात. चारही फोटोंत भोकाची कड गोल आणि अनियमित दिसते, छिन्नीची खाच सरळ. वाचनातल्या निम्म्या चुका इथंच होतात.

जतकर: शक वर्ष दिसलं तर इसवी सन काढायला 78 मिळवायचे ना?

कृष्णाकाठ: हो, पण इसवी सनाचं नवं वर्ष लागल्यानंतरची, म्हणजे साधारण पौष उत्तरार्धापासून फाल्गुनपर्यंतची तिथी असेल तर 79. लेखात संवत्सराचं नावही असेल तर ते ताडून पाहा, कारण गत (पूर्ण झालेलं) शक की वर्तमान (चालू) शक यानं एका वर्षाचा फरक पडतो.